निकिताच्या जबड्याचा केसभर काप

मित्रांनो, अशी कल्पना करा, की तुम्हाला अख्खा माणूस कधीच दिसत नाही. दिसतो तो फक्त त्याच्या अंगाचा एक काप. केसाहून बारीक, काचेच्या पट्टीवर चिकटवलेला, गुलाबी आणि जांभळ्या रंगांत रंगवलेला. आणि तेवढ्यावरून सांगायचं असतं, की त्या माणसाचं पुढे काय होईल.

मी असाच जगतो. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. अंबाल्याच्या कारखान्यात माझी भिंगं बसवली गेली. लाकडी पेटीत भुशावर झोपून मी यवतमाळला आलो आणि डॉक्टर पद्मजाबाईंच्या तपासणीच्या खोलीत खिडकीशी माझं टेबल ठरलं. माझ्या पायाशी एक गोल आरसा आहे. तो उन्हाकडे वळवला की माझं काम सुरू. तीस वर्षं बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला. मग विजेवर चालणारा, पडद्यावर चित्र दाखवणारा नवा सोबती आला आणि माझ्यावर प्लॅस्टिकचं आवरण चढलं. वाईट वाटलं, पण मी कुणाला सांगणार?

त्या एप्रिलच्या दुपारी मात्र वीज गेली. बाईंनी माझं आवरण काढलं, आरसा पुसला आणि एक काचपट्टी माझ्याखाली सरकवली. तिच्यावर लिहिलं होतं : निकिता, वय तेरा, ढाणकी, वरचा जबडा.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगतो. जबडा हे साधं हाड नाही. त्यात दात घडवणाऱ्या पेशी असतात. दात घडले की त्यांचं काम संपतं, पण काही पेशी मागे राहतात आणि कधी कधी त्यांचीच गाठ होते. अशा गाठींची एक जात बहुधा खालच्या जबड्यात, दाढांच्या मागे, मोठ्या माणसांत होते. ती हाडात हळूहळू पसरते, म्हणून भोवतालच्या हाडासकट कापावी लागते. दुसरी जात बहुधा तुमच्या वयाच्या मुलींत, वरच्या जबड्यात, न उगवलेल्या सुळ्याभोवती होते. तिच्या पेशी गोल कडं करून उभ्या राहतात आणि तिला स्वतःची पिशवी असते. शेंगेतून दाणा काढावा तशी ती निघते. तिसरी जात दाताच्या पेशींची नव्हेच. ती तोंडाच्या आतल्या कातडीची. वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळणाऱ्यांत मी ती फार पाहिली. तिच्या पेशी कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकावर एक गुंडाळलेल्या दिसतात.

बाहेरून मात्र तिन्ही वेळा गाल सुजलेलाच दिसतो. आत कोण आहे, हे सांगायला काप लागतो.

बाईंनी निकिताच्या कापावर भिंग आणलं.  पेशी फुगलेल्या, विस्कटलेल्या. प्रत्येक पेशीच्या मधोमध एक गडद ठिपका असतो. इथे ते ठिपके पुसून गेले होते. पेशी मेलेल्या होत्या.

गाठ फार वेगाने वाढली की तिच्यातल्या पेशी अन्नावाचून मरतात. हे फार वाईट लक्षण असतं. म्हणजे अर्धा वरचा जबडा काढावा लागणार का? बाईंनी पट्टी इकडे सरकवली, तिकडे सरकवली. एका कोपऱ्यात पेशींचं एक अर्धवट कडं दिसत होतं. कडं म्हणावं तर कडं, नाही तर नुसता भास.

‘‘चारुदत्त, पोरीचे वडील आलेत का रिपोर्टला?’’ बाईंनी मदतनिसाला विचारलं.

नानाजी आत आले. ढाणकीचे शेतकरी. त्यांच्यामागे उजवा गाल फुगलेली निकिता.

‘‘नानाजी, उमरखेडच्या डॉक्टरांनी तुकडा काढून डबीत दिला होता ना? डबीला वाटेत काही केलंत का?’’

‘‘काहीच नाई जी. जशी देल्ली तशीच आनली. मांडीवर धरून बसलो होतो एस्टीत.’’

‘‘डबीतलं पाणी सांडलं? उन्हात राहिली?’’

‘‘नाई जी. काहून? खराब हाय का काही?’’

  बाई पुन्हा माझ्यावर वाकल्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की या पेशी आजारानं मेल्यासारख्या दिसत नाहीत. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सगळ्या एकसारख्या विरघळल्यासारख्या आहेत. पण मला तोंड नाही. बाईंनी लिहायला कागद ओढला.

‘‘मॅडम,’’ निकिता पुटपुटली, ‘‘मी सांगू?’’

‘‘तू चूप राय निकी. मोठ्याइचं बोलनं चालू हाय.’’

‘‘बोलू द्या तिला,’’ बाई म्हणाल्या.

‘‘पन बाबा मारतीन.’’

‘‘माझ्यासमोर? बघतेच मी.’’

निकितानं फ्रॉकचं टोक मुठीत धरलं. ‘‘त्या डब्बीतल्या पान्याचा लय वास येत होता. सगळ्याइच्या डोयाले पानी येऊन राह्यलं होतं. कंडक्टर म्हने, डब्बी फेका नाईतर उतरा खाली. मंग आर्णीले बाबा चहा प्याले उतरले, तवा म्या ते पानी सांडवलं अन् टाकीचं चांगलं पानी भरलं.’’



‘‘मले वाटलं, त्या तुकड्याले आग होत असन,’’ तिचे डोळे भरले. ‘‘माह्याच आंगाचा होता ना तो.’’

मित्रांनो, ते उग्र वासाचं पाणीच तुकड्याला जसाच्या तसा राखतं. साध्या पाण्यात, त्या उन्हात, पेशी फुगतात आणि विरतात. पेशी गाठीनं मारल्या नव्हत्या. त्या आर्णीच्या टाकीतल्या पाण्यानं मेल्या होत्या.

‘‘वा गं!’’ चारुदत्त म्हणाला. ‘‘पाहुण्याले आंघोय घालून आनलं म्हना की!’’ नानाजींनी डोक्याला हात लावला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कागद बाजूला ठेवला.

‘‘निकिता, तू बोलली नसतीस, तर मी आज चुकीचं लिहिलं असतं. पण आता मला दुसरा तुकडा लागेल. पुन्हा बधिर करायची सुई. आजच, इथल्या दातांच्या डॉक्टरांकडे. चालेल?’’

 निकितानं बापाकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘‘डब्बी मी धरीन. झाकन नाई उघडत.’’

चार दिवसांनी दुसरी पट्टी आली. रिपोर्टसाठी नानाजी आणि निकिता पुन्हा आले होते. वीज होती, तरी बाईंनी मलाच खिडकीशी ओढलं. मी ऊन पकडलं, भिंग खाली आलं. क्षणभर सगळं धूसर. आणि मग दिसलं! एक कडं. त्याशेजारी दुसरं. उंच पेशी गोलाकार उभ्या, जशा मैदानात फेर धरलेल्या मुली. प्रत्येकीच्या मधला ठिपका ठसठशीत. बाजूनं पातळ, अखंड पिशवी.

‘‘दुसरी जात,’’ बाईंनी श्वास सोडला. ‘‘निघेल. पिशवीसकट निघेल. जबड्याला धक्का नाही. पुन्हा होण्याची भीतीही फारशी नाही.’’

नानाजी भिंतीला टेकून खालीच बसले. गमछ्यानं त्यांनी डोळे पुसले.

मी म्हातारा झालो आहे, मित्रांनो. माझी भिंगं पुसा, मला धुळीत टाकू नका, एवढं मागणं तर आहेच. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. गालात, हिरडीत काही गाठ लागली, तर लपवू नका. आणि हातून चूक झाली असेल, तर तीही लपवू नका. मला काप दिसतो. कापामागं काय घडलं, ते तुम्हीच सांगू शकता.

बाईंनी निकिताला स्टुलावर बसवलं. ‘‘बघ, ही तुझी गाठ.’’

ती माझ्यावर वाकली. कितीतरी वेळ तिचा श्वास माझ्या नळीवर लागत होता.

‘‘बाबा, हे तं रांगोयीवानी दिसून राह्यलं!’’ ती म्हणाली. मग, गाल ठणकत असूनही, तिनं लांबलचक जीभ बाहेर काढली आणि त्या गाठीला वेडावून दाखवलं.