ती वाकडी रेघ कोणाची?

मित्रांनो, मी एक जुना एअरब्रश आहे. नावात ब्रश असला तरी माझ्या अंगावर एकही केस नाही. दिसतो जाडसर पेनासारखा, पण मला लिहिता येत नाही. पोटात बारीक सुई आहे, पण शिवता येत नाही. डोक्यावर रंगाची इवलीशी वाटी, शेपटीला हवेची नळी आणि पाठीवर एक चाप. चाप दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग येतो, आणि माझ्या तोंडातून धुक्यासारखा फवारा उडतो. मी नेमका कोण, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो. पण आज सांगणार आहे तो गोंधळ याहून मोठा आहे.

पितळेच्या दांडीतून लेथवर कातून मला घडवले आणि वरून चकचकीत मुलामा चढवला. दुकानाच्या काचेच्या कपाटात काही महिने पडून राहिलो. मग एका रंगाऱ्याने मला विकत घेतले. ते गॅरेजमध्ये मोटारसायकलच्या टाक्या रंगवत. सगळे त्यांना रंगारीकाका म्हणत. टाकीच्या कडेने जाणारी बारीक सोनेरी रेघ ही त्यांची खासियत. पट्टी नाही, चिकटपट्टी नाही. श्वास रोखून ते एका दमात रेघ ओढत आणि ती दोरी धरून मारल्यासारखी सरळ येई. गिऱ्हाईक टाकीवरून बोट फिरवून म्हणे, काय हात आहे तुमचा! त्या हातात मीच असल्यामुळे माझ्या पितळी अंगावरही मूठभर मांस चढे. काम संपले की काका माझी सुई काढून पुसत, वाटी धूत, आणि मगच स्वतःचे हात धूत.

अशी तीस वर्षे गेली. पुढे गॅरेजमध्ये छापील स्टिकर आले आणि काकांनी काम सोडले. जुन्या टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी मला जेवणाच्या डब्यातून घरी आणले. स्वयंपाकघरामागे बादल्या आणि अडगळ ठेवायची एक अरुंद खोली होती. तिथे त्यांनी टेबल मांडले, मला हवा पुरवायला एक वापरलेला कंप्रेसर आणला आणि लाकडाचे मासे करायला घेतले.

मला काही समजेना. हे मासे खायचे नव्हते आणि खेळायचेही नव्हते. ते गळाला लावून पाण्यातून ओढायचे, म्हणजे मोठा मासा त्यांना खरा समजून तोंड घालतो. आयुष्यभर मी माणसांचे डोळे सुखावले होते. आता माशांना फसवायचे होते! काका हलक्या लाकडाचा बोटभर तुकडा तासत, घासत, त्याला पांढऱ्या रंगाचा हात देत. मग कांद्याच्या पिशवीची जाळी त्यावर ताणून माझा फवारा मारत. जाळी काढली की अंगभर खवले उठलेले असत. शेवटी दोन्ही कुशींवर तीन-तीन काळ्या रेघा आणि वरून वार्निश.

हे मासे असत काकांच्या जुन्या मित्रासाठी. त्यांचे पंक्चर काढायचे दुकान होते. दर रविवारी दोघे तलावावर गळ टाकायला जात. पंक्चरवाल्यांच्या पेटीत दुसऱ्या कोणी केलेला मासा नसे.

मग एका वर्षी हवा फार दमट झाली. डब्यातली बिस्किटे नरम पडली, दारे फुगून बसली. माशांवरचे वार्निश वाळता वाळता दुधाळ होई, जणू सगळ्यांना मोतीबिंदू झाला होता. काकांनी काकूंचा केस वाळवायचा ड्रायर आणून माशांवर धरला, तरी फरक पडेना. त्यातच माझ्या तोंडातून फवाऱ्याबरोबर पाण्याचे थेंब उडू लागले. खवल्यांमध्ये देवीच्या व्रणांसारखे डाग पडले. काकांनी माझी सुई बदलली, पुढचे टोक बदलले, मला दिवसभर थिनरमध्ये बुडवून ठेवले. शेवटी म्हणाले, हा आता म्हातारा झाला. मी विचारात पडलो. मी तर नेहमीसारखाच होतो. की नव्हतो? मला माझे तोंड कुठे दिसते?

एकदा पंक्चरवाले आले. कंप्रेसरचा आवाज ऐकून त्यांनी विचारले, "खालचा नळ कधी सोडला होतास?"

कंप्रेसरच्या हवेच्या टाकीला बुडाशी छोटा नळ असतो. गॅरेजमध्ये ते काम दुसरा माणूस करी, म्हणून काकांच्या ते ध्यानातच नव्हते. नळ उघडला तसे तांबूस पाणी भळाभळा बाहेर आले. दमट हवेतली वाफ टाकीत जाऊन तिचे पाणी होत होते आणि तेच माझ्या तोंडून उडत होते. मी सुटकेचा निःश्वास टाकला. ठरले, चूक माझी नव्हती.

थेंब थांबले, डागही गेले. पण आता डागांखाली लपलेली एक गोष्ट उघडी पडली. काळ्या रेघा नागमोडी येत होत्या. काका म्हणाले, हवेत ओल आहे अजून. पुढे कडक थंडी पडली, रंग घट्ट झाला. काका रंगाची बाटली कोमट पाण्यात ठेवू लागले. रंग पातळ झाला, रेघ मात्र वाकडीच. कधी थंडीवर, कधी रंगावर, कधी माझ्यावर खापर फुटे. माझे डोके चक्रावून गेले.

आणि मग एक सुरेख दिवस उजाडला. हवा कोरडी, ऊन उबदार, खिडकी उघडी. तारेवर तीन मासे फक्त रेघांची वाट पाहत लटकत होते. काका दारात आले. बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिले. मग खिडकी लावून निघून गेले. दुसऱ्या दिवशीही हवा तशीच होती. ते आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला टॉवेलमध्ये गुंडाळले, रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवले आणि काकूंना म्हणाले, याला भंगारात देऊन टाक.

इतकी चांगली हवा असताना मला का टाकून देत होते? मला उमगेना.

काकूंनी टॉवेल सोडला. मला हातात घेऊन त्या पालथ्या बादलीवर बसल्या.

"अहो, वर्ष झालं, मी तुमचा चहाचा कप अर्धाच भरते."

"साखर कमी जावी म्हणून ना?"

"नाही. सांडू नये म्हणून."

काकांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे परक्याच्या हाताकडे पाहावे तसे पाहिले. बोटे हलत होती. त्यांनी विचारले, "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही हवेबद्दल इतक्या खात्रीनं बोलायचात. कधी कधी मलाही वाटायचं, खरंच हवाच असेल."

दोष माझा नाही हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. का कोण जाणे, झाला नाही.

दोघे डॉक्टरांकडे जाऊन आले. हा हाताचा कंप आहे, जिवाला धोका नाही, गोळीने थोडा उतार पडेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. शनिवारी काकांनी टाकीचे पाणी काढले, तारेवरचा एक मासा पुढ्यात घेतला, कोपर टेबलावर टेकवले आणि मला उचलले. चापावरचे त्यांचे बोट थरथरत होते. मी शक्य तितका स्थिर राहिलो, पण माझ्या हातात काय होते! रेघा नागमोडीच आल्या. या वेळी काकांनी त्या पुसल्या नाहीत.

रविवारी पंक्चरवाले तलावावर न्यायला आले, तेव्हा काकांनी तो मासा त्यांच्यापुढे धरला. "डाग पडायचे ते टाकीतल्या पाण्यानं. रेघा मात्र माझ्यामुळे वाकड्या येतात. हात थरथरतो माझा."

पंक्चरवाल्यांनी मासा उलटसुलट करून पाहिला. "पाण्यात मासा हलतो तेव्हा त्याची रेघ सरळ दिसलेली मी तरी कधी पाहिली नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी तो पेटीत टाकला.

त्या दिवशी गळाला काही लागले की नाही, हे मला कोणी सांगितले नाही.

मित्रांनो, अजूनही मी अधूनमधून काम करतो. त्या सगळ्या डागांत एखादा माझाही होता का, हे कोडे मला सुटलेले नाही. पण तुम्हाला एक विनंती आहे. माझ्यासारखे अवजार वापरले की ते उघडा, पुसा, कोरडे करून ठेवा. आणि घरातल्या कुणाचे काम बिघडू लागले, तर त्याच्या शेजारी जरा टेका आणि विचारा, "तुम्हाला बरं आहे ना?" काकू एक वर्ष थांबल्या. तुम्ही इतके थांबू नका.