मंगळवारची तालीम

पेनाचं टोपण निळं होतं, आणि घरी आलेली ती मुलगी ते दातांत धरून बॅगेत काहीतरी शोधत होती, म्हणजे अजून सुरुवात व्हायची होती, म्हणजे अजून वेळ होता — मंगळवार, म्हातारीने मनात घोकलं, मंगळवार, तारीख अठरा, शंभरातून सात गेले त्र्याण्णव, त्र्याण्णवातून सात गेले शहाऐंशी... छातीत नुसती धडधड. या वयात परीक्षा! आणि मला चक्क मजा येतेय, हे थोरलीला कळलं तर ती मला वेड्यातच काढेल.

थोरली शेजारीच बसली होती, खुर्चीच्या अगदी कडेवर. गेला आठवडाभर या लेकीने आईची तालीम घेतली होती, भाजी चिरताना, आईची वेणी घालताना, बाथरूमच्या दाराबाहेरूनसुद्धा — "आई, आज वार कोणता?" सरकारी समाजसेविका येणार, आई याच घरात राहणार की तिला वृद्धाश्रमात हलवायचं ते ठरवणार, तेव्हा आई नापास होता कामा नये. थोरलीची जिद्द दांडगी, पण शिकवणं अगदीच कच्चं. आई जरा अडली की ही आख्खं उत्तर सांगून मोकळी. असं नसतं गं! आयुष्यभर मी विंगेत बसून नटांना विसरलेले संवाद पुरवले. नट अडला म्हणून लगेच बोलायचं नाही, त्याचा श्वास ऐकायचा, तो मुद्दाम थांबलाय की विसरलाय ते त्या श्वासावरून ओळखायचं, आणि मग फक्त पहिला शब्द, तोही इतका हळू की पहिल्या रांगेला वाटावं, त्याचं त्यालाच आठवलं... सकाळी चहा घेतला की नाही ते सांगता येत नाही, आणि हे मात्र लख्ख आठवतं. कसं काय, कोण जाणे.

"आजी, सुरू करू या?"

"मंगळवार!"

मुलगी खळखळून हसली. "अहो, ते नाही विचारणार मी. ते डॉक्टरांनी तपासलंय. तुमच्याभोवती माणसं कोण आहेत, कोण काय बघतं, ते समजून घ्यायला आलेय." मग थोरलीकडे वळून म्हणाली, "ताई, प्रश्न खरं तर तुम्हालाच आहेत."

थोरलीचा चेहरा असा काही झाला की म्हातारीने पदर तोंडाशी धरला. आठवडाभर तालीम केली ती भलत्याच नाटकाची! पाठांतर माझं आणि परीक्षा हिची! हसू आवरेना.

औषधं कोण देतं? मी. आंघोळ? मीच. रात्री उठून चालू लागल्या तर? मी असते ना. थोरली ताडताड उत्तरं देत होती, कुठे अडखळणं नाही की चुकणं नाही, आणि आईची मान अभिमानाने डोलत होती... वा, काय तयारी आहे पोरीची.

"आणि तुम्हीच आजारी पडलात तर, ताई? तुमच्या मदतीला कोण?"

थोरली थांबली.

म्हातारीने श्वास ऐकला. कान अजून शाबूत होते, देवाची कृपा. हे मुद्दाम थांबणं नव्हतं, विसरणंही नव्हतं... ही शोधतेय, आणि तिथे काही नाहीच. पण घालता येईल की! भाऊ. एवढा एकच शब्द पुरे. प्रत्येक फोन 'बघतो' म्हणून ठेवून देणारा धाकटा... पण या मुलीला कुठे ठाऊक आहे? मी 'भाऊ' म्हणायचं, पुढचं थोरली आपसूक म्हणेल, भाऊ येतो ना दर रविवारी — आणि मग मी इथेच, याच खिडकीशी, याच पलंगावर. राहायचंय गं मला, खूप राहायचंय. शब्द ओठांवर आलाच होता, अंगातून वीज सळसळत होती, कितीतरी दिवसांनी सगळं कसं स्वच्छ दिसत होतं — तिने लेकीकडे पाहिलं. थोरलीचा कुडता उलटा होता. शिवणी बाहेर, मानेशी कंपनीचं लेबल लोंबतंय. सकाळपासून ही अशीच वावरतेय. हिला सांगणारं घरात कोणी नाही, आणि शेजारी बसून मीही पाहिलं नाही.

"कोणी..." म्हातारीने अगदी हळू म्हटलं.

थोरलीने श्वास घेतला. "कोणी नाही," ती म्हणाली. "कोणीच नाही हो मला. दमलेय मी." आणि परक्या मुलीसमोर, तोंड न झाकता, ती रडू लागली.

मुलीने खुर्ची पुढे ओढली आणि थोरलीच्या गुडघ्यावर हात ठेवला. आता ती काय ठरवेल? महिन्याभरात आपण कुठल्या खोलीत, कुणाच्या शेजारी झोपत असू? म्हातारीला भीती वाटली, चांगलीच वाटली, पण उठून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवाव्यात इतका आनंद दाटून आला, वेडीच मी... किती दिवसांनी मी माझ्या लेकीच्या कामी आले.