शेवटचे दोन आकडे

नंदकुमार टिपणीसांनी एखादा आकडा वाचला की तो वाचला, अशी त्यांची कंपनीत ख्याती होती. मुलुंडच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात पाच मॅनेजर आले आणि गेले. त्यातल्या एकानं खोकल्याच्या औषधाची बिघडलेली बॅच पास करून घ्यायला त्यांना आधी चहा पाजला, मग बढतीचं गाजर दाखवलं आणि शेवटी बदलीची धमकी दिली. टिपणीसांनी चहा तेवढा घेतला. हा किस्सा मिठागर रोडवरच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये दर गणपतीत एकदा तरी निघायचा आणि टिपणीस तो ऐकताना खाली मान घालून चष्मा पुसत बसायचे. कौतुक त्यांनाही आवडत होतं, पण ते आवडतंय हे दिसू द्यायची त्यांची तयारी नव्हती.

१९८५च्या जूनमध्ये कंपनीनं त्यांच्या हाताखाली फिनलंडची एक विद्यार्थिनी दिली. नाव रित्वा, वय बावीस, आणि उंची अशी की न्हाणीघरात शिरताना तिला वाकावं लागे. तिची युनिव्हर्सिटी आणि कंपनी यांच्यात काहीतरी ठरलं होतं. तिनं अडीच महिने इथल्या प्रयोगशाळेत काम शिकायचं आणि राहायचं कंपनीतल्या कुणाच्या तरी घरी. मोठ्या साहेबांची घरं मोठी होती, पण ऐन वेळी प्रत्येकाच्या घरी रंगकाम निघालं. त्यामुळे ती टिपणीसांच्या दोन खोल्यांत आली.

टिपणीसांच्या पत्नीनं, शुभावहिनींनी, पहिल्या दिवशी तिच्यासाठी ब्रेड-बटर आणून ठेवलं. आठवडाभरात ती वालाचं बिरडं मागून घ्यायला लागली आणि ब्रेड शेजारच्या कुंदाताईंच्या मुलांनी संपवला. कॉलेजात जाणाऱ्या क्षमानं, टिपणीसांच्या एकुलत्या एक मुलीनं, तिला काका-काकू म्हणायला शिकवलं. बाकी बोलणं इंग्रजीत चाले. शुभावहिनींचं इंग्रजी कामापुरतं होतं, पण त्यांना कामं फार असत.

रित्वाच्या वाट्याला आला अडुळसा. खोकल्याच्या औषधात अडुळशाचा अर्क जातो. त्यासाठी पानं ताजी घ्यावीत की सावलीत वाळवून, आणि वाळवायची तर किती दिवस, हे तिला शोधायचं होतं. पंधरा दिवस वाळवेपर्यंत अर्काचा जोर वाढत जातो, असा तिच्या प्रोफेसरांचा अंदाज होता. तो खरा ठरला तर पुढच्या वर्षी त्याच विषयावर संशोधनाची जागा तिला मिळणार होती. नाही ठरला तर विषय बंद आणि जागाही बंद. हे तिनं पहिल्याच आठवड्यात जेवताना सरळ सांगून टाकलं. टिपणीसांना तिचा हा सरळपणा आवडला.

अर्काचा जोर मोजायला ब्यूरेट असे, म्हणजे खुणा केलेली काचेची उभी नळी. तिच्यातून थेंब थेंब द्रव खालच्या अर्कात सोडायचा, रंग पालटला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा; आकडा जेवढा मोठा, तेवढा अर्काचा जोर जास्त. टिपणीसांच्या प्रयोगशाळेत हा आकडा एकट्यानं कधी वाचत नसत. पहिला माणूस वाचून चिठ्ठीवर लिही आणि चिठ्ठी पालथी ठेवी. मग दुसरा स्वतःच्या डोळ्यांनी वाची. रजिस्टरमध्ये दोन रकाने, दोन सह्या. आकडे जुळले नाहीत तरी दोन्ही तसेच ठेवायचे, खोडाखोड करायची नाही. रित्वाला याचं नवल वाटलं. आमच्याकडे एकच जण वाचतो, ती म्हणाली. टिपणीस म्हणाले, वाचणारा चांगला असला तरी त्याला सोबत लागते.

दर तीन दिवसांनी दोन नमुने मोजायचे, असा क्रम होता. ताज्या पानांचा आकडा ६.४ आला, मग ७ च्या आसपास, मग साडेसात, मग आठच्या जवळ, आणि बाराव्या दिवशी ८.२. रित्वानं आलेख काढून घरात कपाटाच्या दारावर चिकटवला. रेघ शहाण्या मुलासारखी वर वर चालली होती. राहिले होते पंधराव्या दिवसाचे दोन नमुने, आणि त्यानंतर चार दिवसांनी, शुक्रवारी, तिचं विमान होतं.

नेमकी त्याच सुमाराला डोळ्यांची साथ आली. बिल्डिंगमधल्या सोळा बिऱ्हाडांपैकी अकरांत कुणाचे ना कुणाचे डोळे आले होते. टिपणीसांकडे ते क्षमानं कॉलेजातून आणले, तिच्याकडून शुभावहिनींना गेले आणि रविवारी सकाळी रित्वाचे डोळे उघडेनात. तिघी काळे गॉगल लावून जेवायला बसल्या तेव्हा टिपणीसांना हसू आलं, पण रित्वा रडत होती आणि ते नुसतं साथीचं पाणी नव्हतं. लाल डोळ्यांच्या माणसाला प्रयोगशाळेत मज्जाव होता. तिच्याऐवजी वाचू शकणारा प्रयोगशाळेतला जयवंतही विक्रोळीला घरी पडून होता. काळजी करू नकोस, मी आहे, असं टिपणीस तिला म्हणाले.

सोमवारी त्यांनी एकट्यानं दोन्ही नमुने मोजले. पहिला आला ६.९. दुसरा ६.७.

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. आकडे तेच. पावसाळी हवेत पानं सर्द झाली असतील किंवा प्रोफेसरांचा अंदाजच चुकला असेल. कोणतं खरं ते कळायला आणखी पंधरा दिवस हवे होते. टिपणीस स्टुलावर बसून राहिले. पोरगी आपल्या घरी आली, आपल्या हातचं जेवली, आणि आजारी पडली तीही आपल्याच घरात. डोळे धड असते तर तिनं स्वतः काहीतरी मार्ग काढला असता. आता तिला रिकाम्या हातानं घरी पाठवायचं? मुलीला कुणी असं पाठवतं का? मॅनेजरच्या धमकीनं जे झालं नव्हतं ते या विचारानं पाच मिनिटांत झालं. त्यांनी लिहिलं ८.६ आणि ८.७, आणि सही केली. दुसरा रकाना रिकामा ठेवून पुढे 'साथीमुळे' एवढाच शेरा मारला. तिथे कुणाचं खोटं नाव घालणं त्यांच्यानं झालं नाही.

घरी रित्वानं दोन्ही आकडे दोनदा विचारून घेतले आणि क्षमाला कपाटावर ठिपके द्यायला लावले. शुभावहिनींनी सुजल्या डोळ्यांनी गोडाचं म्हणून निनावं केलं. टिपणीसांनी पित्ताचं निमित्त सांगून ते बाजूला सारलं. पुढचे तीन दिवस त्यांना स्वतःची इतकी लाज वाटत होती की दाढी करतानाही ते आरशात हनुवटीपुरतंच बघत.

शुक्रवारपर्यंत रित्वाचे डोळे निवळले. टिपणीसांना त्या दिवशी कंपनीच्या चेंबूरच्या ऑफिसात जावं लागलं आणि रित्वा ॲप्रन व किल्ल्या परत करायला सकाळी एकटीच प्रयोगशाळेत जाऊन आली. संध्याकाळी टिपणीस घरी पोचले तेव्हा तिची बॅग दाराशी तयार होती. शुभावहिनी नारळ आणि साडी घेऊन उभ्या होत्या, निघताना हातावर द्यायचं दही वाटीत काढलेलं होतं. रित्वा जेवणाच्या टेबलाशी बसली होती.

"काका," ती म्हणाली, "रजिस्टरमध्ये दुसरा रकाना रिकामा होता. उरलेला अर्क फ्रीजमध्ये होता, म्हणून मी आज पुन्हा मोजलं. सहा पॉइंट नऊ आणि सहा पॉइंट सात."

ही काय म्हणतेय, असं शुभावहिनींनी विचारलं. क्षमानं हळू आवाजात सांगितलं.

मग रित्वानं विचारलं, "सोमवारी तुमचेही डोळे आले होते का?"

तिनं वाट करून दिली होती. टिपणीसांनी नुसतं हो म्हणायचं होतं. साथ एवढी होती की बिल्डिंगमधल्याच काय, कंपनीतल्याही कुणी शंका घेतली नसती, उलट डोळे आलेले असताना कामाला गेले म्हणून कौतुकच झालं असतं. क्षमासुद्धा पुढे होऊन म्हणाली, "बाबा, लाल होते ना तुमचे डोळे?" लाल नव्हते हे तिला ठाऊक होतं.

टिपणीसांनी खुर्चीची पाठ धरली.

"नाही," ते म्हणाले. "माझे डोळे चांगले होते. मला सहा पॉइंट नऊच दिसला. मी आठ पॉइंट सहा लिहिला. दुसराही तसाच."

का, ते तिनं विचारलं नाही. तुझ्यासाठी, हे त्यांच्या तोंडाशी आलं होतं, पण त्यानं ओझं तिच्या डोक्यावर गेलं असतं, म्हणून त्यांनी ते गिळलं. येत्या सोमवारी कंपनीत जाऊन मॅनेजरला हे लिहून देतो, एवढं ते म्हणाले. प्रोफेसरांना खरेच आकडे दाखवणार, असं रित्वानं सांगितलं. जागा बहुधा जाईल. तिचा आवाज शांत होता, पण हात टेबलाची कड चोळत होता. शुभावहिनींना सगळं समजलं होतं. त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या.

खाली टॅक्सीनं हॉर्न दिला. रित्वा उठली, तिनं काकूंच्या हातून नारळ आणि साडी घेतली, तळहातावरचं दही खाल्लं. दाराशी जाऊन ती मागे वळली.

"आणि आधीचे दहा?" तिनं विचारलं. "मी वाचायची, मग तुम्ही. तेव्हा तुम्ही नळीकडे बघत होता, की मला हवा तो आकडा लिहीत होता?"

"नळीकडे बघत होतो."

तिनं मान हलवली आणि जिना उतरायला लागली. टिपणीस बॅग घेऊन तिच्या मागे निघाले. त्यांनी सांगितलं ते अगदी खरं होतं, आणि ते खरं मानायला तिच्याजवळ आता त्यांच्या शब्दाशिवाय दुसरा कुठलाच आधार नव्हता.