दुरुस्त केलेली बाग

जावयाच्या हातात जादू आहे, असं सासरे चारचौघांत सांगत, आणि जावयानेही ते कधी खोडून काढलं नव्हतं. फोटो दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. लग्नात लालबुंद झालेले चेहरे, उन्हात पांढरीफटक पडलेली बाळं, सगळ्यांना तो घराच्या मागच्या खोलीत बसून माणसांत आणायचा.

सासऱ्यांचा जन्म मात्र पाण्याखाली गेला होता. हौशी लोकांच्या पाठीला टाकी बांधून त्यांना समुद्रात उतरवायचं आणि जिवंत वर आणायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. मग कान गेला. डॉक्टरांनी पाण्याचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं, आणि सासरे लेकीकडे राहायला येऊन एकच पेपर दोनदोनदा वाचू लागले. त्यांचा जीव अडकला होता बारा मीटर खालच्या प्रवाळांच्या एका पट्ट्यात. त्याला ते ‘माझी बाग’ म्हणत. तिच्यावर नांगर टाकणाऱ्या बोटवाल्यांशी ते हमरीतुमरीवर आले होते. चार वर्षांत त्यांनी ती पाहिली नव्हती. एकदा नीट बघायची, एवढंच मागणं आता उरलं होतं.

धाकटी मुलगी त्यांचंच काम पुढे करायची. घरात तिला मासोळी म्हणत. तीनदा टाळाटाळ करून शेवटी तिने चाळीस फोटो पाठवले, आणि ते बघून सासऱ्यांचं डोकंच फिरलं. पाणी शाईसारखं निळं, मासे खेळण्यांच्या दुकानातून आणल्यासारखे भडक, आणि उजेड इतका की निम्मा फोटो धुऊन निघालेला. एवढं शिकवूनही कार्टीला कॅमेरा धरता येत नाही, म्हणून ते दिवसभर धुसफुसत राहिले. जावयाने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि बाह्या सरसावल्या.

नशीब, सवयीने तिने कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलीच धाडल्या होत्या. वरून फोटो जळालेला दिसला तरी अशा फाइलीच्या पोटात बरंच शिल्लक असतं. शिवाय पहिल्या फोटोत तिने राखाडी पाटी धरली होती. पाणबुड्यांची ती रीतच. पाटी राखाडी आहे असं कॉम्प्युटरला एकदा सांगितलं की बाकीचे रंग आपोआप वळणावर येतात. तसे ते आले. उजेड खाली ओढल्यावर वाळूच्या लाटा उमटल्या, माशांचे खवले मोजता येऊ लागले. सासरे पोरासारखे पुढे झुकले. हा मासा चोर आहे, ती कपार माझ्या ओळखीची, असं सांगता सांगता त्यांचा चहा गार झाला. जावयाला मूठभर मांस चढलं.

मग बाग आली. ती पांढरी होती.

फ्लॅश जास्त पडला असेल, म्हणत त्याने उजेड आणखी उतरवला. शेजारची वाळू सावळी झाली, बाग पांढरीच. फोटो मोठा करून बघितलं तर प्रवाळाचं भोक न् भोक स्पष्ट दिसत होतं. जळालेल्या फोटोत असं काही दिसत नाही. फोटोत चूक नव्हतीच. पाणी तापलं की प्रवाळाचा रंग उडतो आणि मग ते मरतं, हे त्याने सासऱ्यांच्याच तोंडून ऐकलं होतं.

एक फोन करून येतो, असं सांगून तो व्हरांड्यात गेला. मासोळीने त्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं.

“भावजी, तुम्हाला नीट करायला कोणी सांगितलं होतं?” ती म्हणाली. “मी मुद्दाम बिघडवले होते ते. म्हटलं, पोरीला फोटो काढता येत नाहीत म्हणून बाबा चार दिवस शिव्या घालतील. घालू देत. बाग गेली, हे तर कळणार नाही.”

बापाला फसवायला तिने स्वतःचं नाव खराब करून घेतलं होतं, आणि शहाण्या जावयाने ते दोन तासांत स्वच्छ पुसून दिलं होतं. आता काय करायचं, असं त्याने विचारलं. आधी आत जा, बाबा एकटेच बसलेत, असं म्हणून तिने फोन ठेवला.

तो आत आला तेव्हा सासरे त्याच्या खुर्चीवर बसले होते. उजेड कुठून कमी होतो हे त्यांनी बघून ठेवलं होतं, आणि माउस घट्ट धरून ते तो खाली ओढत होते. वाळू काळी झाली होती, मासे दिसेनासे झाले होते. अंधारात बाग तेवढी पांढरी उरली होती.

“जावईबापू,” ते मागे न बघता म्हणाले, “वाळू गेली, मासे गेले. हे तेवढं जात नाही. अजून थोडं खाली येईल का?”

तीस वर्षं समुद्रात काढलेल्या माणसाला कळलं नसेल असं नव्हतं. जावयाने पडद्याकडे पाहिलं. उजेड तळाला टेकला होता, याच्याखाली काही नव्हतं. तरी दुसरी खुर्ची ओढून तो त्यांच्या शेजारी बसला आणि “बघू या” म्हणाला.