मास्तरांचा हात कापतो

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. प्लॅस्टिकचा, पांढरा, निळ्या झाकणाचा. जन्मलो तेव्हा माझ्या पोटात डाग घालवायची पूड होती, प्राणवायूवाली. तुम्ही म्हणाल, डब्याला कसली आलीय गोष्ट, फळीवर बसायचं नि गप्प राहायचं. तेच तर मला कधी जमलं नाही. माझ्या पोटातल्या पुडीला कोमट पाणी मिळालं, की ती फसफसून उठायची, कपड्यात शिरायची, डागाला धरून बाहेर ओढायची. आणि पाणी मिळालं नाही, की मी आतल्या आत चुळबुळत बसायचो. शांतपणा माझ्या नशिबातच नव्हता.

कारखान्यात मला पट्ट्यावरून पुढे ढकललं, वरच्या नळीतून पोट भरलं, पुडीत एक चमचा खोचला आणि झाकण दाबलं. अंगावर चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर नाव मोठ्ठं आणि कामाच्या गोष्टी मुंगीएवढ्या. पूड कोमट पाण्यात विरघळवा. आधी कोपऱ्यात लावून पाहा. लोकरीला नि रेशमाला लावू नका. लावल्यावर वेळ द्या. आणि सगळ्यांत खाली, कालवलेलं पाणी बंद बाटलीत ठेवू नका. आता इतकं बारीक लिहिल्यावर ते वाचणार कोण, सांगा बरं!

मला ज्यांनी घरी नेलं त्या एक बालवाडीच्या बाई होत्या. रोज संध्याकाळी त्यांच्या कपड्यांवर रंग, चिकणमाती, कुणाच्या तरी नाकाचं पाणी, असा सगळा वर्ग घरी यायचा. घरात त्यांचे सासरेही होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. म्हणजे घरात एक बाई आणि एक मास्तर, पण मास्तरांचा शाळेशी काडीचा संबंध नव्हता. ते शिंपी. हयातभर कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी अंगरखे, कोट, फ्रॉक शिवले. दुकान बंद केलं तेव्हा शिलाई मशीन, कात्री नि इस्त्री घेऊन ते घरातल्या खिडकीशी येऊन बसले. त्यांचा मुलगा बस चालवायचा आणि घरी आला की झोपायचा. नात शाळेत जायची. सगळे तिला चिंगी म्हणत.

पहिले काही महिने माझे भलतेच मजेत गेले. सूनबाई बादलीत कोमट पाणी घ्यायच्या, चमचाभर पूड टाकायच्या आणि कपडे बुडवून निघून जायच्या. परत येईपर्यंत आमचं काम फत्ते. कॉलरवरचा मळ, टेबलक्लॉथवरचं लोणी, चिंगीच्या मोज्यांवरची मैदानाची माती, काही काही सोडलं नाही मी. शेजारीण आली की सूनबाई मला हातात घेऊन दाखवायच्या. हा डबा नसता तर माझा अर्धा पगार कपड्यांतच गेला असता, म्हणायच्या. मी आपला फुगून बसायचो.

मग घरात एक निळसर पाण्याची बाटली आली. तिला म्हणे चमचाच लागत नाही, सरळ कपडे धुवायच्या मशीनमध्ये ओतायची. झालं! मी न्हाणीतल्या बेसिनखाली, पाइपामागे. झाकण अर्धवट लागलेलं. ओल आत शिरली, माझ्या पुडीचे खडे झाले. बाहेर रोज पाणी वाजायचं, आणि मला थेंब मिळत नव्हता. जीव नुसता वरखाली व्हायचा. कुणाला आठवणही नव्हती माझी.

एका दुपारी घरात कुणी नसताना पाइपामागे एक हात आला. त्या हाताने मला उचललं आणि माझ्यातला चमचा टकटक, टकटक वाजायला लागला. मी तर चक्रावलोच. मला उचलताना चमचा असा कधी वाजला नव्हता. हात मास्तरांचा होता. मित्रांनो, मास्तरांचा हात थरथरतो हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं, आणि सांगायला मला तोंड नव्हतं.

हॉलमध्ये फिकट राखाडी गालिचा होता. त्यावर चहा सांडला होता. मास्तर गुडघ्यावर बसले, माझी पूड कोरडीच वर भुरभुरली, नळाचं गार पाणी ओतलं आणि लागले खसाखसा घासायला. अहो मास्तर, थांबा की जरा, मला उठू तर द्या! गार पाण्यात मी जेमतेम जागा होतो, त्यात तुम्ही क्षणभर थांबायला तयार नाही. पण त्यांना धीर कुठला? दाराकडे बघत बघत घासलं, आणि डाग होता त्याहून पसरला. शेवटी त्यांनी आपली खुर्ची उचलून त्यावर ठेवली.

दोन-चार दिवसांनी दुसरा डाग पडला. खुर्ची तिकडे गेली, पहिल्यावर पायपुसणं आलं. मग तिसरा, तो मोठा होता, तिथे खुर्ची गेली आणि दुसऱ्यावर शिवणाची टोपली. खुर्चीला जसे पायच फुटले. घरातले आपापल्या परीने तर्क करायचे. सूनबाईंना वाटलं, बाबांना ऊन हवंय. मुलाला वाटलं, त्यांना टीव्ही नीट दिसत नाही. बिचाऱ्याने झोप मोडून टीव्हीच फिरवला. आणि मास्तर दिवसभर त्या खुर्चीत पाय पसरून, डागावर पाऊल ठेवून बसायचे. मी तोवर त्यांच्या शिलाई मशीनखाली, चिंध्यांच्या गाठोड्यामागे लपवलेला.

तुम्हाला वाटेल, एवढं लपवायचं काय त्यात? मास्तरांच्या दुकानात काजं करणारे एक काका होते. त्यांचाही हात असाच थरथरायला लागला. त्यांच्या मुलांनी आधी त्यांच्या हातातली किटली काढून घेतली, मग गॅसला हात लावू दिला नाही, मग सुईदोरा नि कात्री कपाटात गेली. सगळं प्रेमाने हं, कुणी वाकडा शब्द बोललं नाही. पण काका तेव्हापासून नुसते खिडकीत बसतात आणि कुणी गेलं तर ओळख दाखवत नाहीत. मास्तर त्यांना भेटून आले की घरी येऊन आधी आपली कात्री हातात घेऊन बघायचे. त्यांना भीती होती ती ह्याची. कात्री जाईल, आणि कात्रीबरोबर आपण जाऊ, ह्याची.

एकदा मात्र त्यांनी मनाचा हिय्या केला. सूनबाई न्हाणीत होत्या, कपड्यांचं मशीन घरघरत होतं. मास्तर दारात उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "सूनबाई, हात कापायला लागलाय गं माझा."

आता बघा, मराठीची गंमत. पान वाऱ्याने कापतं, आणि शिंपी कापड कापतो, दोन्हीला शब्द एकच. सूनबाईंनी मशीनमध्ये डोकं घातलेलं, त्यांनी शिंप्याचा शब्द ऐकला. दुकान बंद केल्यापासून बाबांनी कापड कापलं नव्हतं ना!

"अरे वा, बाबा! मग चिंगीचा फ्रॉक तुम्हीच कापा," त्या म्हणाल्या. आनंदाने बोलल्या हो, अगदी मनापासून. मास्तर हळूच म्हणाले, बरं. आणि परत आले.

त्याच संध्याकाळी पिवळं सुती कापड घरी आलं. चिंगीच्या शाळेत नाच होता, त्यासाठी. कापडवाल्याकडे तेवढाच तुकडा उरला होता, चुकलं तर दुसरा मिळणार नव्हता. ते कापड घडी करून शिलाई मशीनवर ठेवलं आणि मास्तरांची झोप उडाली. रोज उलगडायचे, खडू हातात घ्यायचे, खडूची रेघ नागमोडी जायची, झटकून पुसायचे, परत घडी. चिंगी शाळेतून आली की विचारायची. मास्तर म्हणायचे, उद्या. सगळे शिंपी गिऱ्हाइकाला आयुष्यभर हेच सांगतात, पण नातीला सांगायची वेळ आली तेव्हा त्यांची मान खाली गेली.

"आजोबा, तुमचा उद्या असतो तरी कधी?" चिंगीने विचारलं.

त्या दिवसापासून मास्तरांना एक घटका चैन नव्हतं. कपबशी हातात घ्यायची धास्ती, कापड समोर, डाग पायाखाली. डाग तर वाढतच होते. दर वेळी मला काढा, पाणी आणा, कालवा, तेवढ्यात कुणी आलं तर? म्हणून त्यांनी शिंप्याच्या डोक्याने एक युक्ती काढली. इस्त्री करताना कापडावर पाणी मारायला शिंप्याजवळ नेहमी एक भरलेली बाटली असते. तशीच बाटली त्यांनी माझ्या कालवलेल्या पाण्याने भरली, म्हणजे हाताशी तयार. आणि आपल्या हाताने सांडेल, ह्या भीतीपोटी तिचं झाकण दोन्ही मुठींनी करकचून आवळलं. मग बाटली खिडकीत उन्हाला, पडद्याआड.

मी मशीनखालून ओरडत होतो, मित्रांनो. माझ्या अंगावर लिहिलंय, शेवटच्या ओळीत लिहिलंय! माझी पूड पाण्यात गेली की प्राणवायू सोडत राहते, त्याला बाहेर जायला वाट लागते. पण डब्याचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? बाटलीची बाजू फुगली, बूड फुगलं, ती पडद्याआड उभ्या उभ्या डुलायला लागली.

नाच एका दिवसावर आला. सूनबाई स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या, चिंगी शेजारी खेळायला गेली होती. मास्तरांनी टेबलावर कापड पसरलं. रेघ वाकडी तर वाकडी, आज कापायचंच. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, कात्री उघडली, पाती कापडाच्या कडेला लावली. पाती एकमेकींवर किटकिट वाजत होती. मला बघवेना.

आणि फट्ट!

झाकण छताला जाऊन आपटलं, बाटली आडवी झाली, पाण्याचा फेस पडद्यावर, भिंतीवर, मास्तरांच्या चष्म्यावर. कात्री त्यांच्या हातातून खाली पडली. कापडाला साधी चीरही गेली नव्हती. सूनबाई ओल्या हातांनी धावत आल्या, आधी त्यांनी मास्तरांचं तोंड नि डोळे धुतले, कुठे लागलं नाही ना बघितलं. मग पाणी टिपायला म्हणून खुर्ची सरकवली. खाली डाग. टोपली सरकवली. खाली डाग. पायपुसणं उचललं, तिथेही तेच. मास्तर कोपऱ्यात उभे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

पाणी शिलाई मशीनखालीही गेलं होतं, सूनबाईंनी तिथलं गाठोडं हलवलं तर मागे मी. त्यांनी मशीनखालून मला ओढून काढलं, माझ्या अंगावरची बारीक अक्षरं डोळ्यांशी धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. गालिचा लोकरीचा नाही ना, ते मागचं कापड उलटून पाहिलं. कोमट पाणी आणलं, खडे फोडून पूड विरघळवली, आधी कपाटामागच्या कोपऱ्यात लावून पाहिली. रंग गेला नाही. मग सगळ्या डागांवर पाणी घातलं, वर पांढरा टॉवेल टाकला आणि गालिच्यावरच मांडी घालून बसल्या. मास्तरही बसले. आता नुसतं थांबायचं होतं. मास्तरांना कुठलं थांबवतंय? त्यांचा हात ब्रशकडे गेला. सूनबाईंनी तो वरच्यावर धरला, वर्गातल्या पोराचा धरावा तसा. आणि धरून राहिल्या. मग त्यांनी हाताकडे बघितलं.

"बाबा, हा..."

"कापतो," मास्तर म्हणाले. "तुला सांगितलं होतं मी."

सूनबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. न्हाणीचं दार, घरघरणारं मशीन, सगळं त्यांना आठवलं असणार. "मला वाटलं, कापड," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. मास्तरांनी काजंवाल्या काकांचं सगळं सांगितलं. कात्री नेऊ नकोस, असंही म्हणाले, अगदी लहान आवाजात. सूनबाईंनी हात सोडला नाही. टॉवेलखाली मी फसफसत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, जरा हळू चालू दे माझं काम.

डाग निघाले. मोठ्याची एक पुसट कडा राहिली, ती राहिलीच. उन्हं कलायच्या आत सूनबाईंनी कापड परत टेबलावर पसरलं, कात्री उचलली आणि मास्तरांसमोर उभ्या राहिल्या. कुठून सुरू करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मास्तर जवळ आले, बोटाने दाखवायला लागले. बोट थरथरत होतं, पण दाखवत होतं बरोबर. बगलेशी सूनबाई अडल्या तेव्हा मास्तर हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

"चला, वाटणी झाली," ते म्हणाले. "कापड कापायचं तू. नुसतं कापायचं मी."

रात्रीत फ्रॉक शिवून झाला, आणि दुसऱ्या दिवशी चिंगी तो पिवळा फ्रॉक घालून नाचली. एक बाही जराशी लांब होती, पण नाचताना ती सारखी हात वर करत होती, म्हणून कुणाला दिसलं नाही.

तर मित्रांनो, डाग पडला तर लगेच घासू नका, त्याला पाणी द्या, वेळ द्या. माझ्यासारखी फसफसणारी चीज बाटलीत कोंडून वर झाकण आवळू नका. आणि घरातलं कुणी दारात उभं राहून घसा खाकरत असेल, तर आधी मशीन बंद करा.

त्या दिवशी माझी पूड संपली. आता माझ्यात खडू, मोजपट्टी आणि ती कात्री असते, आणि मास्तर मला घेऊन घरभर फिरतात, टकटक, टकटक. खुर्ची मात्र आता एकाच जागी असते, खिडकीशी. परवा चहा परत सांडला, भर गालिच्यावर, सगळ्यांसमोर. मास्तरांनी पायही हलवला नाही. "सूनबाई," त्यांनी हाक मारली, "सांडला गं."