परसातला वाल

दयारामच्या घरी वाल दोन जागी पिकायचा. रस्त्याकडच्या मळ्यातला बाजारासाठी. त्यावर तो हौसेनं औषध मारायचा. परसातला घरच्या पोटासाठी. त्याला औषधाचा थेंब नाही.

त्या संध्याकाळी लेक अमिषाला बघायला पेणहून रतनशेठ आणि त्यांचा प्रणय आले, म्हणून पोपटीचा बेत. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरून मडकं उपडं घातलं, भोवती जाळ केला. तेवढ्यात दयारामनं चारदा सांगितलं, "शेठ, आपल्याकडं औषधाचा वासपन न्हाय!"

मग बायकोला हळूच विचारलं, "शकू, शेंगा परसातल्याच ना?"

"पावन्यांना किडक्या शेंगा घालू? रस्त्याकडच्या तोडल्या. कशा तुळतुळीत हायत!"

दयारामच्या पोटात गोळा आला. कालच फवारा मारलेला, आणि बाटलीवर लिहिलेलं, सात दिवस तोडू नका. सांगावं तर सोयरीक मोडते, न सांगावं तर जावईच आडवा होतो.

मडकं उघडलं. रतनशेठनी एक शेंग उचलली, उजेडात फिरवली, खाली ठेवली. "माजी आज संकष्टी हाय."

"माजीपन!" दयाराम ओरडला.

"संकष्टी गेल्या आठवड्यात झाली," शकू म्हणाली. "आन मगाशी अंडी किती घातली, कोन विचारत होतं?"

एवढ्यात प्रणयनं शेंग तोंडाशी नेली.

"ठेव खाली!" दोघे बाप एकदम.

"तुमी का वरडलात?" दयारामनं विचारलं.

"एका शेंगंला भोक न्हाय, दयारामशेठ. माजापन मळा हाय. बाजाराचा येगला, घरचा येगला."

"काल मारलंय, शेठ," दयाराम पुटपुटला. "घरचीला ठावं नव्हतं."

"मग बाजारातून घेनारे काय खातात?" प्रणयनं विचारलं. दोघाही बापांना एकदम जाळात लाकूड सारायची आठवण झाली.

कोंबडीसकट सगळं खड्ड्यात गेलं. कोंबडीसाठी दयारामचा जीव तिळतिळ तुटला.

"पोरगी तरी परसातली ना?" रतनशेठ हसत म्हणाले.

अमिषानं परसातल्या शेंगांची टोपली त्यांच्यापुढं आदळली. "परसातलीच, मामा. आल्या निवडून घ्याव्या लागतील. बसा."

शेठ बसले, प्रणयही बसला. चौदा अळ्या निघाल्या. पंधरावी प्रणयच्या बाहीवर चढली आणि तो किंचाळून उठला, तेव्हा अमिषा पहिल्यांदा हसली. दुसरं मडकं शिजायच्या आत सुपारी फुटली.