बोट आलेले फोटो

बाईंनी सदतीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांना चिठ्ठ्या डकवल्या होत्या. चौदा हजार फोटोंना त्या काय भीक घालणार! नवऱ्याला जाऊन आठ महिने झाले होते आणि घर खायला उठायचं. लेक दूरच्या शहरात. तिनेच लॅपटॉपवर फोटो लावायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. "आई, सगळं नीट लावून झालं की बाबांचे फोटो वेगळे काढून मला पाठव," एवढंच तिचं मागणं.

बाईंचा शिस्तीचा जीव. आधी केर, मग मांडामांड. सॉफ्टवेअरने 'खराब फोटो' म्हणून एक ढीग आयताच पुढे केला. हललेले, अंधारलेले आणि सगळ्यात जास्त म्हणजे बोट आलेले. नवरा सुतार होता. तरुणपणी करवतीखाली डाव्या तर्जनीचं टोक गेलं, तेव्हापासून ते बोट बधिर. कॅमेरा धरला की ते हळूच भिंगावर येऊन बसायचं आणि बिचाऱ्याला पत्ताच नसायचा. "अहो, बोट!" बाई दर वेळी ओरडायच्या. आता त्या दर वेळी 'काढून टाका' दाबू लागल्या. सहाशेच्या वर फोटो गेले. कुणावर तरी करवादायला मिळालं म्हणून त्यांना बरंही वाटलं.

मग चेहऱ्यांची पाळी आली. सॉफ्टवेअर एकेक चेहरा दाखवून विचारायचं, 'हे कोण?' बाई नाव टाकायच्या. नवऱ्याच्या चेहऱ्यापुढे त्यांनी 'अहो' लिहिलं, कारण दुसऱ्या कुठल्या नावाने त्यांनी त्याला कधी हाक मारलीच नव्हती. शेवटी यादी आली. लेक साडेतीन हजार. बाई स्वतः पाच हजार. मांजरसुद्धा दोनशे दहा.

अहो: तीन.

एक ओळखपत्राचा, एक कुणाच्या तरी खांद्याआडून अर्धा, एक डोळे मिटलेला. बाईंनी पुन्हा शोधायला लावलं. तीनच. कॅमेरा कायम त्याच्या हातात, तर तो फोटोत येणार कुठून? 'आणा इकडे, तुमचा मी काढते,' असं आपण जन्मात म्हटलं नाही, हे बाईंच्या फार जिव्हारी लागलं. तो फोटोत यायचा तो कोपऱ्यातून, बोटापुरता. हे आत्ता त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी लेकीला फोन लावला. "काढून टाकलेले फोटो परत मिळतात का गं?"

"तीस दिवस कचरापेटीत राहतात. मग कायमचे जातात. का गं? कधी टाकलेस?"

बाईंनी कॅलेंडर पाहिलं. साफसफाईला हात घातला त्याला आज चौतीस दिवस झाले होते. आणि नव्या उत्साहाने पहिल्या चार दिवसांतच त्यांनी चारशेवर फोटो उडवले होते.

"बघते," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कचरापेटीत बोट आलेले एकशे एक्क्याण्णव निघाले. बाईंनी ते परत आणले आणि एकेक मोठा करून पाहिला. नव्या फ्रिजशेजारी बाई. बसथांब्यावर बाई. प्रत्येकात भुवई चढलेली, तोंड अर्धं उघडं, नजर भिंगाच्या जरा वर. काय बोलत होत्या ते त्यांना ठाऊक होतं. डाव्या कोपऱ्यात गुलाबी धूसर डाग.

सॉफ्टवेअरला त्या डागात कुणी दिसत नव्हतं. बाईंनी माउसने स्वतः चौकोन आखला आणि नाव टाकलं: अहो. दुपारभर त्या एवढंच करत राहिल्या. आकडा एकशे चौऱ्याण्णव झाला, तेव्हा सगळे लेकीला पाठवले.

संध्याकाळी फोन वाजला. "आई, हे सगळे तुझेच फोटो आहेत. बाबा कुठे आहेत?"

"डाव्या कोपऱ्यात."

लेक हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "असे अजून कितीतरी होते ना गं? बाकीचे पण पाठव ना."

"होते," बाई म्हणाल्या. "मी काढून टाकले."